पस्तिशीपर्यंत

संघटनेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत
आमच्या गटाला दोन ओळी मिळाल्या,
त्याही एका पशुखाद्याच्या जाहिरातीखाली:
‘नवोदित पशुवैद्यकांचा गटही
उत्साहाने कार्यरत आहे.’

बाकीचं या वहीत आहे.
दोनशे पानी, पुठ्ठ्यावर शेणाचा एक जुना ठसा,
तो कुणाच्या अंगठ्याचा, यावर आजवर एकमत नाही.

पहिलं पान, एकोणीसशे सत्त्याऐंशी.
जागा: सांगली, मार्केट यार्डामागची चहाची टपरी.
आत हॉलमध्ये वार्षिक सभा चालली होती.
ज्यांच्या डिग्रीची शाई अजून ओली
त्यांनी सतरंज्या अंथरल्या, हार आणले,
साहेबांच्या जीपमध्ये पाण्याचा कॅन ठेवला
आणि बाहेर येऊन बसले. चौघंच.

आटपाडीचे धोंडीराम हाक्के तिसऱ्या कपाला बोलले.
परवा रात्री म्हैस अडली. रेडकू आडवं.
हात खांद्यापर्यंत आत,
आणि विचारावं तर पंचवीस मैलांत कोण नाही.
म्हैस गेली.
मालकानं मला चहा दिला, बसा म्हणाला.
तो चहा घशाखाली उतरंना बघा अजून.

ठराव पहिला. अक्षर नायकवडींचं, तिरपं:
रात्री कितीही वाजता कुणी दार वाजवलं
तर ‘एवढंही येत नाही का’ असं म्हणायचं नाही.
सूचक हाक्के. अनुमोदक सगळेच.
(फोन तेव्हा डेअरीत, कुलपाआड.
म्हणून ठरावात दार.)

ठराव दुसरा: वर्गणी पाच रुपये.
ठराव तिसरा: पस्तिशी उलटली की गटाबाहेर,
नाहीतर आपलेही साहेब होतील.

पुढं एक पुस्तक फिरतं तालुक्या-तालुक्यांतून,
एसटीच्या ड्रायव्हरपाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
विट्याहून जतला पोचलं,
शेवटचं प्रकरण पोचलं नाही.
नोंद आहे: ‘शोध चालू.’

मग लेटरहेडवरून भांडण.
संघटनेचं नाव वर की आपलं?
तीन वर्षांत एकच नोंद:
‘सभा. हजर दोघे. गणपूर्ती नाही.
भडंग खाऊन उठलो.’
ते दोघे कोण, लिहिलेलं नाही.
मला मात्र गट त्यांनीच टिकवला असं वाटतं.

सभासद यादीत बाईचं पहिलं नाव संजीवनी ऐवळे,
पुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, मग खोडलेलं.
कागद तिथं पातळ झालाय.
माझं नाव त्यानंतर अकरा वर्षांनी,
थेट पेनानं.

महापुराच्या साली काहीच लिहिलेलं नाही.
आम्ही गच्च्यांवर होतो, औषधांची पेटी डोक्यावर.
जनावरं जिन्यानं वर चढली होती,
पाणी ओसरल्यावर उतरायला एकही तयार होईना.
पायरीवर वैरण टाकली, मागून ढकललं,
मालकिणींनी नावानं हाका मारल्या.
एका गाईला खाली आणायला साडेचार तास.
त्याचा ठराव काय लिहिणार?

गेल्या रविवारी मला पस्तीस पूर्ण झाली.
वही शिराळ्याच्या सुदर्शन मगदूमकडं दिली,
त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली
आणि लगेच विचारलं, वर्गणी ऑनलाइन चालेल का.
हाक्केसाहेब (हो, साहेबच) हसले.
पुढच्या सभेला मला आत खुर्ची आहे,
दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली.

काल रात्री पावणेदोनला फोन वाजला.
मॅडम, तुम्ही आता गटात नाही,
तरी विचारू का?

मागं कंदिलाचा नाही, मोबाईलचाच उजेड असणार,
पण गोठ्यातली ती कुजबूज तीच,
कुणीतरी म्हातारं देवाचं नाव घेतंय.
ठराव पहिला आठवला.
त्यात दाराबद्दल आहे, वयाबद्दल अक्षर नाही.

मी दिवा लावला.
म्हटलं, आधी हात धुऊन घे.
मग सावकाश सांग,
बोटाला डोकं लागतंय, की पाय?